पिंपरीतली बुरशीची शेती आणि मेडिकलमधल्या दोन कॅप्सूल

इअरफोन लावून हा भाग ऐकला असेल तर उत्तमच. बसमध्ये आवाज आला नाही किंवा निवांत वाचायला बरं वाटतं, अशांसाठी बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे लिहितोय.

सुरुवात एका मेडिकलपासून करतो. रात्रीचे साडेदहा वाजलेले, चाकणमधला रस्ता, मी डोकेदुखीची गोळी घ्यायला उभा. माझ्यापुढे विशीतला एक मुलगा. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात आयकार्ड, नाक गळतंय. तो म्हणाला, "सर्दी, घसा, थोडा ताप. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, खाडा नको पडायला. काहीतरी स्ट्राँग द्या." दुकानदाराने ड्रॉवरमधून एक पट्टी काढली, कात्रीने दोन कॅप्सूल कापून दिल्या. कागद नाही, प्रश्न नाही. कापलेल्या तुकड्यावर मला फक्त अर्धं नाव दिसलं: अॅमॉक्सि... पुढचं कात्रीत गेलं होतं.

आता मी काही साधू नाही. अशा दोन-दोन गोळ्या मीही कापून घेतल्या आहेत. पण त्या रात्री घरी येताना डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. ती कॅप्सूल ज्या औषधाची लेक आहे, ते औषध आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा जिथे बनलं, ती जागा या मेडिकलपासून वीसेक किलोमीटरवर आहे. आपण रोज तिच्यासमोरून जातो. म्हणून आजचा विषय: पिंपरीची एच.ए. कंपनी, तिच्या टाक्यांमध्ये वाढणारी बुरशी, आणि त्या मुलाच्या हातातल्या दोन कॅप्सूल.

गावापेक्षा जुनी कंपनी

मेट्रोने संत तुकाराम नगरहून पीसीएमसी स्टेशनकडे जाताना जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या कडेला झाडीत लपलेला मोठा परिसर लागतो. बसमध्ये लोक अजून "एच.ए. कंपनी उतरायचंय" असं म्हणतात. एच.ए. ग्राउंडवर क्रिकेट खेळलेले तर आपल्यातले कितीतरी असतील. पण एच.ए. म्हणजे काय विचारलं तर दहातले आठ जण डोकं खाजवतात. काही जणांना ती विमानांची कंपनी वाटते. ती वेगळी. ही हिंदुस्थान अँटिबायोटिक्स.

ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ मध्ये इथून पेनिसिलीन बाहेर पडायला लागलं. जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत दिली, युनिसेफने यंत्रसामग्रीला हातभार लावला. औषध बनवणारी ही भारत सरकारची पहिली कंपनी.

आता तारखा लावून बघा. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून नगरपालिका झाली १९७० मध्ये, आणि महानगरपालिका १९८२ मध्ये. म्हणजे गाड्या, स्कूटर, फोर्जिंग, प्रेस शॉप यांच्यासाठी आज ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यातलं सुरुवातीचं एक मोठं उत्पादन लोखंडाचं नव्हतं. ते बुरशीचं होतं.

औषध संपलं म्हणून मेलेला पोलीस

बुरशीपासून औषध निघतं हे कळलं कसं, ती गोष्ट बऱ्याच जणांनी शाळेत वाचली असेल. १९२८ चा सप्टेंबर, लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल. अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परत आले. जाताना जिवाणू वाढवलेल्या काचेच्या बशा टेबलावर तशाच राहिल्या होत्या. त्यातल्या एका बशीत बुरशी आली होती आणि बुरशीच्या आजूबाजूचे जिवाणू विरघळून गेले होते. बुरशी काहीतरी सोडत होती. त्या 'काहीतरी'ला त्यांनी नाव दिलं पेनिसिलीन, कारण बुरशीचं नाव पेनिसिलियम.

शाळेतला धडा इथे संपतो. खरी मजा पुढे आहे. फ्लेमिंगना ते द्रव्य वेगळं काढून टिकवता आलं नाही. शोध दहा वर्षं जवळजवळ पडून राहिला. मग ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली या तिघांनी तो उचलला. मे १९४० मध्ये त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जिवाणू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलीन दिलं. ज्यांना दिलं नव्हतं ते चारही सकाळपर्यंत मेले.

माणसासाठी उंदरापेक्षा हजारो पट जास्त औषध लागतं. युद्ध चालू, सामान मिळत नाही. हीटलींनी बुरशी वाढवायला हॉस्पिटलातली बेडपॅन वापरली. होय, तीच. बुरशीला पसरट, उथळ भांडं लागत होतं, आणि बेडपॅन उथळ असतं.

फेब्रुवारी १९४१ मध्ये पहिला गंभीर रुग्ण निवडला, अल्बर्ट अलेक्झांडर नावाचे पोलीस शिपाई. जिवाणूंचा संसर्ग डोकं, डोळा, फुफ्फुसांपर्यंत पसरलेला. पेनिसिलीन सुरू केल्यावर ताप उतरला, भूक लागली. पण औषध इतकं कमी होतं की त्यांच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलीन पुन्हा गाळून त्यांनाच टोचत होते. तरी साठा संपला. संसर्ग उलटला. १५ मार्च १९४१ ला ते गेले.

हा प्रसंग लक्षात ठेवा. तो माणूस गेला कारण औषध पुरेसं नव्हतं. आज आपल्याकडे औषध कात्रीने कापून मिळतं.

कांद्यावरची काळी पूड

मग बेडपॅनमधून कारखान्यापर्यंत उडी कशी मारली? हे कळायला चाकणच्या कांदा बाजारात जाऊ.

कांदा निवडताना सालीखाली काळी पूड दिसते ना, हाताला काजळीसारखी लागते? ती एक बुरशी, अॅस्परजिलस नायजर. याच बुरशीला साखरेच्या पाण्यात वाढवलं की ती सायट्रिक अॅसिड बनवते. म्हणजे लिंबूफुलासारखंच ते आंबट पांढरं. आज शीतपेयं, गोळ्या-चॉकलेटमध्ये पडणारं बहुतेक सायट्रिक अॅसिड लिंबातून येत नाही, या बुरशीकडून येतं. अमेरिकेत फायझर कंपनी १९१९ पासून हे करत होती. टाकीत बुरशी कशी सांभाळायची याचा हात तिथे बसलेला होता.

१९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. तिथल्या पिओरिया नावाच्या गावातल्या सरकारी प्रयोगशाळेने दोन गोष्टी जोडल्या. एक, मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं दाट पाणी. ते टाकाऊ होतं, पण बुरशीला एवढं मानवलं की पेनिसिलीन कित्येक पटीने वाढलं. दुसरी गोष्ट, एक बुरसटलेलं खरबूज. १९४३ मध्ये त्या खरबुजावर सापडलेली बुरशी फ्लेमिंगच्या बुरशीपेक्षा खूप जास्त पेनिसिलीन देत होती आणि खोल टाकीत बुडूनही वाढत होती. आज जगात कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या पेनिसिलीनच्या बुरशा मुख्यतः त्या एका खरबुजाच्याच वंशातल्या. फायझरने १ मार्च १९४४ ला ब्रुकलिनमध्ये, एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात, मोठ्या टाक्यांचा प्लँट सुरू केला.

त्यानंतर अकरा वर्षांनी ही टाकीची विद्या पिंपरीत चालू झाली. तोवर आपण पेनिसिलीन बाहेरून आणत होतो. नव्या देशाला न्यूमोनियाचं, जखम चिघळल्याचं, बाळंतरोगाचं औषध जहाजाची वाट बघून मिळत होतं.

कूलंटची टाकी आणि पेनिसिलीनची टाकी

व्हीएमसी, सीएनसीवर काम करणाऱ्यांना आता पटकन कळेल. आपल्याकडे एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी सकाळी मशीन चालू केलं की कूलंटच्या टाकीतून कुजक्या अंड्यासारखा वास येतो. का? कूलंट म्हणजे पाणी आणि तेल. जिवाणूंसाठी ते जेवणच. मशीन चालू असताना कूलंट फिरतं, त्यात हवा मिसळते. एक दिवस बंद राहिलं, वर तेलाचा थर आला, की आतली हवा संपते. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू जोर धरतात आणि तो घाण वायू सोडतात.

पेनिसिलीनची टाकी म्हणजे याच्या बरोबर उलटी कसरत. तिथेही पाणी आणि खाणं असतं, पण आत फक्त एकच पाहुणा हवा, पेनिसिलियम. बाकी कोणीही घुसता कामा नये. म्हणून आधी टाकी, पाइप, आतलं खाद्य, सगळं वाफेने उकळून निर्जंतुक करायचं. मग तापमान साधारण २५ अंशांच्या आसपास आणायचं. बुरशी वाढताना स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे टाकीभोवती गार पाणी फिरवावं लागतं. बुरशीला श्वास लागतो, म्हणून कॉम्प्रेसरने गाळलेली हवा खालून सतत सोडायची आणि पंख्याने ढवळत राहायचं. फेस आला तर तो मारायचा. दिवसचे दिवस हे चालू. लाइट गेली, हवा थांबली, तर अख्खी टाकी वाया.

त्यात अजून एक खोड आहे. बुरशीला पोटभर साखर दिली तर ती नुसती फुगते, औषध बनवत नाही. थोडी उपाशी ठेवली, चमच्याचमच्याने भरवलं, तरच पेनिसिलीन सोडते. का? कारण पेनिसिलीन हे बुरशीचं अन्न नाही की अवयव नाही. ते तिचं हत्यार आहे. ताट भरलेलं असताना कोण भांडतंय? खाणं कमी पडलं की शेजारच्या जिवाणूला हाकलायला ते बाहेर निघतं. पेनिसिलीनचा कारखाना म्हणजे हे भांडण बारा महिने चालू ठेवण्याची कला.

आणि चुकून जिवाणू घुसलाच तर? काही जिवाणू पेनिसिलीन तोडणारं द्रव्य सोडतात. तसा एक जरी आत वाढला तरी टाकीतलं तयार औषध तो खाऊन टाकतो. हे विसरू नका, शेवटी याच पाहुण्याची गाठ पडणार आहे.

टायर आणि ट्यूब

आता औषध शरीरात करतं काय?

सायकलचं चाक डोळ्यासमोर आणा. आतली ट्यूब मऊ, तिच्यात हवेचा दाब. तिला धरून ठेवतं बाहेरचं टायर. टायर फाटलं की ट्यूब त्या जागी फुगा होऊन बाहेर येते आणि फटकन फुटते. जिवाणूचंही असंच. आत पाण्याचा दाब, त्याभोवती पातळ पडदा, आणि त्या पडद्याला धरून ठेवणारी बाहेरची कडक भिंत, म्हणजे पेशीभित्तिका.

जिवाणू वाढतो, एकाचे दोन होतात, तेव्हा ही भिंत जागोजाग उघडून नवीन जोड द्यावे लागतात. हे जोड देणारे छोटे कारागीर म्हणजे काही प्रथिनं. पेनिसिलीन दिसायला या कारागिराच्या कच्च्या मालासारखं असतं. कारागीर ते हातात घेतो आणि हात तिथेच चिकटतो. जोड पडत नाही, भिंत कच्ची राहते, आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो.

आपल्या पेशींना अशी भिंतच नाही. म्हणून पेनिसिलीन जिवाणूला मारतं आणि आपल्याला साधारणपणे सोडून देतं. ज्यांना अॅलर्जी आहे त्यांची गोष्ट निराळी. त्यांनी ती डॉक्टरांना आधी सांगायलाच हवी.

आणि आता आपल्या मेडिकलवाल्या मित्राकडे. सर्दी होते विषाणूंमुळे. घसा बसण्याचंही बहुतेक वेळा तेच कारण. विषाणूला भिंत नाही, कारागीर नाही, स्वतःचं घरसुद्धा नाही. तो आपल्याच पेशीत भाड्याने राहतो. त्याच्यावर पेनिसिलीन मारणं म्हणजे ज्या गाडीला टायरच नाही तिची हवा सोडायला जाणं. मुलगा दोन दिवसांनी बरा होईल, पण तो तसाही झाला असता. श्रेय मात्र कॅप्सूलला जाईल. पुढच्या सर्दीला तो पुन्हा तेच मागेल, आणि रूममेटलाही सांगेल.

अॅमॉक्सिसिलीन ही पेनिसिलीनचीच लेक आहे, असं मी म्हणालो ते उगाच नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पेनिसिलीनचा गाभा वेगळा काढता आला. मग त्या गाभ्याला वेगवेगळ्या शेपट्या जोडून नवीन औषधं बनवता येऊ लागली. साधं पेनिसिलीन-जी पोटातल्या आम्लाने बिघडतं, त्यामुळे ते बहुधा टोचावं लागतं. अॅमॉक्सिसिलीन गिळता येतं. पण गाभा अजूनही टाकीतल्या बुरशीकडूनच येतो.

पहिल्या पावसाचा वास आणि पिंपरीची माती

मध्येच एक छान गोष्ट सांगतो. एच.ए. कंपनीने बाहेरची विद्या नुसती चालवली असं नाही. तिथे संशोधन विभागही होता.

पहिला पाऊस पडल्यावर मातीचा वास येतो ना? तो मोठ्या प्रमाणात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंमुळे येतो. ते जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात. हे जिवाणू मातीत दाटीवाटीने राहतात, तिथे भांडणं फार, त्यामुळे हत्यारंही फार. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत अशाच एका जिवाणूत सापडलं. पुढे ते पिंपरीतही बनलं.

एच.ए.मधले शास्त्रज्ञ एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्याच मातीतून अशा एका जिवाणूकडून नवीन औषध मिळवलं. ते बुरशीच्या संसर्गावर चालतं, तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांसारख्या त्रासांवर. औषधाचं नाव ठेवलं हॅमायसिन. त्यातला 'हॅ' हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा. आणि जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. म्हणजे जगभरच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या यादीत आपल्या पिंपरीचं नाव लॅटिन थाटात लिहिलेलं आहे. गाड्यांच्या शहराच्या नावाचा जिवाणू. पुढच्या पावसात मातीचा वास आला की आठवा.

स्वस्ताईची दुसरी बाजू

आता कडू भाग.

टाकीत घुसणारा तो पाहुणा आठवतो? पेनिसिलीन तोडणारं द्रव्य जिवाणूंकडे असतं हे एब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच छापलं होतं. म्हणजे त्या पोलीस शिपायाला पहिलं इंजेक्शन देण्याच्याही आधी. औषध बाजारात येण्याआधी त्याची तोड निसर्गात हजर होती. साहजिक आहे, बुरशी आणि जिवाणूंचं भांडण आपण यायच्या कित्येक कोटी वर्षं आधीपासूनचं.

हे द्रव्य म्हणजे जिवाणूची कात्री. पेनिसिलीनच्या गाभ्यात चार अणूंचं एक कडं असतं, ती कात्री नेमकं तेच कडं कापते. मग औषध कारागिराच्या हातात चिकटत नाही. यावर माणसाने उपाय काढला: अॅमॉक्सिसिलीनसोबत क्लॅव्युलॅनिक अॅसिड द्यायचं, जे त्या कात्रीत अडकून बसतं. पट्टीवर 'क्लॅव्ह' लिहिलेलं असतं ते हेच. तेही स्ट्रेप्टोमायसिस घराण्यातल्या जिवाणूकडूनच मिळालं. आणि आता त्यालाही न जुमानणाऱ्या कात्र्या जिवाणूंकडे आहेत.

फ्लेमिंगनी हे आधीच सांगितलं होतं. १९४५ च्या डिसेंबरमध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी एका काल्पनिक माणसाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलीन आणतो, अपुरं घेतो. जिवाणू मरत नाहीत, पण औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग ते त्याच्या बायकोला लागतात आणि तिच्यावर औषध चालत नाही. घसा, दुकान, अपुरी मात्रा. चाकणच्या मेडिकलसमोर उभा असताना मला तीच गोष्ट दिसत होती.

आता फ्लेमिंगच्या गोष्टीत विज्ञानाने थोडी भर घातली आहे. नुसतं 'कमी घेतलं म्हणून' एवढंच नाही. गरज नसताना घेतलं हीच मोठी अडचण. कॅप्सूल घशात जाते तेव्हा ती आतड्यातल्या कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणूंवरही बरसते. साधे मरतात, कात्रीवाले उरतात आणि रिकाम्या जागेत वाढतात. वर, जिवाणू एकमेकांना कात्रीची कृती देऊ शकतात, अगदी आपण मोबाइलवर फाइल शेअर करतो तशी. आज ती कृती निरुपद्रवी जिवाणूकडे असेल, उद्या लघवीचा संसर्ग करणाऱ्याकडे जाते. आणि एका खोलीत सहा जण, एक संडास, एक पिण्याच्या पाण्याचा ड्रम असेल, तर एकाच्या पोटातलं दुसऱ्याच्या पोटात जायला वेळ लागत नाही. म्हणून हा 'माझ्या शरीराचा प्रश्न' राहत नाही.

तिकडे एच.ए.चं काय झालं? बाहेरून, मुख्यतः चीनमधून, स्वस्त पेनिसिलीन-जी यायला लागलं आणि आपल्याकडच्या टाक्या परवडेनाशा झाल्या. कंपनी १९९० च्या दशकात आजारी उद्योगांच्या यादीत गेली. २०२० मध्ये केंद्र सरकारने औषधांचा कच्चा माल पुन्हा देशात बनावा म्हणून प्रोत्साहन योजना आणली, त्या यादीत पेनिसिलीन-जी होतं. म्हणजे पिंपरीने १९५५ मध्ये जे करून दाखवलं, ते पुन्हा करण्यासाठी पासष्ट वर्षांनी अनुदान द्यावं लागलं. टाकी बंद करायला एक बटण पुरतं. बुरशी सांभाळणारे हात, नाक आणि डोळे पुन्हा तयार करायला वर्षं जातात.

एका श्रोत्याचा प्रश्न

"दादा, मग पावावरची बुरशी खाल्ली तर फुकटात औषध नाही का मिळणार?" असा प्रश्न एकाने विचारला होता. नाही रे बाबा. पावावर नाना तऱ्हेच्या बुरशा असतात. पेनिसिलियम असली तरी औषधाचं प्रमाण नगण्य, शिवाय काही बुरशा विषारी द्रव्यं सोडतात. बुरशी दिसते तो वरचा भाग. तिचे धागे आत पसरलेले असतात. त्यामुळे तेवढा तुकडा तोडून उरलेला पाव खाणंही नको. सरळ टाकून द्या.

मग करायचं काय?

चार साध्या गोष्टी.

एक, पट्टीवर उभी लाल रेघ आहे का बघा. २०१६ मध्ये सरकारने लाल रेघेची मोहीम सुरू केली. रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि दुकानदारानेही द्यायचं नाही. अॅमॉक्सिसिलीन त्यातलंच.

दोन, डॉक्टरांकडे गेलात तर थेट विचारा, "हे जिवाणूंमुळे आहे की विषाणूंमुळे? अँटिबायोटिकची गरज आहे का?" हा प्रश्न उद्धटपणा नाही. 'स्ट्राँग द्या' असं आपण म्हणत राहिलो तर समोरच्यालाही देऊन टाकणं सोपं वाटतं.

तीन, दिलंच असेल तर सांगितलं तेवढे दिवस, सांगितलेल्या वेळी घ्या. उरलेलं रूममेटला देऊ नका, मागच्या वेळचं काढून खाऊ नका.

चार, साधी सर्दी असेल तर विश्रांती, गरम पाणी, तापाची साधी गोळी. ताप दोन-तीन दिवसांत उतरत नसेल, धाप लागत असेल, गिळता येत नसेल, तर मेडिकल नाही, डॉक्टर गाठा.

आता तुम्ही म्हणाल, विश्रांती सांगायला सोपी आहे. बरोबर आहे. त्या मुलाने कॅप्सूल औषध म्हणून घेतलीच नव्हती. त्याने ती रजा म्हणून घेतली होती, न मिळणारी रजा. ज्यांचं ईएसआय कापलं जातं त्यांना, ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असेल तर, आजारपणात पगाराच्या सुमारे ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं हॉस्पिटलही आहे. आपली पगाराची पावती काढा, कपात होते का बघा, कार्ड बनवून घ्या. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस यात साधारणपणे धरत नाहीत, त्यामुळे एका दिवसाच्या सर्दीला याचा उपयोग नाही. ते काम सुपरवायझरचं आणि कंपनीचं आहे. तुमच्यातले जे लाइन लीडर, सुपरवायझर आहेत, त्यांना एवढंच सांगेन: नाक गळणाऱ्या पोराला एक दिवस घरी बसू दिलंत तर अख्खी लाइन आजारी पडायची वाचेल, आणि दोन कॅप्सूलही वाचतील.

कारण या कॅप्सूल खरंच वाचवून ठेवायच्या आहेत. उद्या त्याच मुलाचा हात प्रेसमध्ये सापडून जखम चिघळली, त्याच्या बायकोला बाळंतपणानंतर ताप आला, बाळाला न्यूमोनिया झाला, तेव्हा हे औषध चाललं पाहिजे. १९४१ मध्ये ते पुरलं नाही म्हणून एक माणूस गेला. आपल्यावर वेळ वेगळी आहे: औषध भरपूर असेल, पण चालणार नाही.

पुढच्या वेळी मेट्रोने एच.ए.समोरून जाताना खिडकीतून एकदा बघा. आणि घरातल्या गोळ्यांच्या डब्यात लाल रेघेची अर्धी कापलेली पट्टी सापडली, तर ती खाऊ नका. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि गुरुवारी सुट्टीवर जाण्याआधी कूलंटच्या टाकीवरचं तेल तेवढं काढून ठेवा!